इंग्लंडच्या बॅक गार्डनमधली निलगिरी : या चुका टाळा

ब्रिटनमध्ये निलगिरी लावणाऱ्यांच्या तक्रारी चार-पाच वर्षांनी ठरलेल्या असतात. झाड वाऱ्याने कललं. थंडीत पानं करपली. ज्या चंदेरी गोल पानांसाठी रोप घेतलं ती जाऊन लांबट हिरवी पानं आली. सावली पडते म्हणून शेजारी कुरकुरतोय. यातल्या बहुतेक तक्रारी आपणच ओढवून घेतलेल्या असतात. रोप, खत, आधाराची काठी यांत हात आखडता घ्यायला हवा, तिथे आपण सढळ. आणि छाटणीत सढळ व्हायला हवं, तिथे कात्री उचलतानाही जीव खाली-वर होतो.

गावाकडची निलगिरी इथे चालत नाही

महाराष्ट्रात बांधावर आणि रस्त्याकडेला दिसते ती बहुतेक युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस किंवा तिचे संकर. इंग्लंडच्या जानेवारीत तिचा टिकाव लागत नाही. उटीची ब्लू गम थोडी काटक, पण कडक हिवाळ्यात तीही जाते, आणि लंडनच्या उबेत जगलीच तर आवरता आवरत नाही. तेव्हा पुण्याहून येताना बियांची पुडी बॅगेत टाकू नका. लागवडीच्या बियांना फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला लागतो, ती कटकट वेगळीच.

इथे टिकतात त्या टास्मानिया आणि आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या थंड, उंच भागातल्या जाती. गनी, म्हणजे सायडर गम, प्रत्येक गार्डन सेंटरात मिळते, म्हणून सगळे तीच घेतात. (टास्मानियाचे मूळ रहिवासी हिच्या खोडाला खाचा पाडून गोड रस गोळा करत, तो आपोआप आंबे. सायडर हे नाव त्यावरूनच पडलं.) पण गनी मोकळी सोडली की २५ मीटरच्या वर जाते, हे कुंडीवरच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात असतं. छाटणीची तयारी नसेल तर स्नो गम घ्या, निफोफिला उपजातीचा. तो सावकाश वाढतो, थंडी चांगली सोसतो आणि त्याची राखाडी-पांढरी चट्ट्यांची साल हिवाळ्यात बघत राहावी अशी असते. चुनखडीची उथळ जमीन असेल तर पार्व्हुला ही जात बरी. गनी तिथे पिवळी पडते.

डोक्याएवढं रोप घेऊ नका

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सहा फुटी रोप कुंडीतून उपसून पाहा. मुळं कुंडीच्या भिंतीलगत गोल गोल फिरून एकमेकांत अडकलेली दिसतील, तळाशी तर त्यांची चुंबळच झालेली असते. जमिनीत लावल्यावरही ही वळलेली मुळं सरळ होत नाहीत. वरून झाड वर्षाला दीड-दोन मीटर वाढतं, खाली पकड नाही. निलगिरी सदाहरित, त्यामुळे हिवाळी वादळात पानांचं अख्खं शीड वाऱ्यासमोर उभं. मग एका सकाळी झाड कुंपणावर टेकलेलं सापडतं.

वीतभर ते हातभर उंचीचं, वर्षाच्या आतलं रोप घ्या. उपसल्यावर पांढरी मुळं मातीच्या कडेला नुकती पोचलेली दिसली पाहिजेत, त्याहून जास्त नकोत. दोन-तीन वर्षांत ते त्या सहा फुटीला गाठतं. मे-जूनमध्ये लावा, म्हणजे थंडीआधी मुळं बसतात. खड्ड्यात शेणखत नको, लॉनचं नत्रयुक्त खत तर मुळीच नको. खताने लुसलुशीत फुटवा येतो आणि पहिल्याच दहिवरात काळा पडतो. त्यापेक्षा बुंध्याभोवती मीटरभर गवत काढून आच्छादन घाला. कोवळ्या निलगिरीला गवताशी स्पर्धा झेपत नाही. पहिले दोन उन्हाळे कोरड्या आठवड्यात एकदा बादलीभर पाणी पुरे. रोज शिंपडलं तर मुळं वरच राहतात.

काठी लावायचीच तर बुटकी, सैल बांधलेली, आणि वर्षभरात काढायची. खोड हललं तरच जाड होतं.

झाड कललंच असेल तर? मनगटाएवढ्या खोडाचं असेल तर दोरीने ओढून सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका. मार्चमध्ये जमिनीलगत कापा. वरचं ओझं गेलं की मुळांना सावरायला वेळ मिळतो. मोठ्या झाडाखालची माती उचलली जात असेल तर मात्र ते माणूस बोलावून करायचं काम.

छाटणी : उशिरा, अर्धवट किंवा भलत्या वेळी

चंदेरी गोल पानं फक्त कोवळ्या फुटव्यावर येतात, वय झालं की पानं लांबट, कोयत्यासारखी होतात. झाडाला रोग झालेला नसतो. गोल पानं हवी असतील तर कोवळा फुटवा कायम ठेवायला हवा, आणि त्यासाठी उसाचा खोडवा ठेवतात तसं करायचं. रोप दोन-तीन वर्षांचं झालं की फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये जमिनीपासून पाच-सात सेंटिमीटरवर सरळ कापायचं. एप्रिल-मेमध्ये धुमारे फुटतात. पुढे दर वर्षी किंवा वर्षाआड तेच. खाली फुलझाडं असतील तर एक-दीड मीटरचं खोड ठेवून त्याच्या डोक्यावरचा फुटवा दर वर्षी काढा.

लोकांचं गणित चुकतं ते वेळेत. दहा वर्षं हात लावायचा नाही आणि मग घाबरून झाड निम्म्यावर छाटायचं. जुन्या जाड खोडाला फुटवा येईलच याची खात्री नसते, आणि आला तर वरच्या टोकाला केरसुणीसारखा, ज्याच्या फांद्या वाऱ्याने सहज फाटतात. ऑगस्ट-सप्टेंबरची छाटणीही वाईट. तिच्यामुळे आलेला कोवळा फुटवा थेट थंडीच्या तोंडी जातो.

मोठ्या झाडाला करवत लावण्याआधी काउन्सिलकडे चौकशी करा. झाडावर संरक्षण आदेश असू शकतो. कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपण्यासाठी राखलेल्या वस्तीत तर दीड मीटर उंचीवर खोड ७५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर सहा आठवडे आधी कळवावं लागतं. निलगिरी ही जाडी फार लवकर गाठते.

मेलंय असं वाटतं तेव्हा

डिसेंबर २०१० हा १९१० पासूनच्या नोंदींतला ब्रिटनचा सर्वात थंड डिसेंबर. अशा हिवाळ्यानंतर पानं तपकिरी, साल उभी फाटलेली, आणि लोक मार्चमध्येच कुदळ काढतात. थांबा. गनी आणि स्नो गमच्या बुंध्याशी, मातीच्या पातळीवर एक गाठाळ फुगवटा असतो. त्यात निद्रिस्त डोळे असतात, आणि वरचं सगळं गेलं तरी तिथून फुटवा येऊ शकतो. नखाने साल खरवडून खाली हिरवं दिसतंय का पाहा, आणि निकाल जूनअखेर लावा.

जून-जुलैत जुनी पानं गळतात, साल सोलून पडते. काही करायचं नाही.

कोवळ्या शेंड्यांवर पांढरे मेणचट धागे, चिकटपणा आणि काळी बुरशी दिसली तर ती सायला कीड. संत्र्याच्या बागेतल्या सायलाची ही ऑस्ट्रेलियन चुलत बहीण. आयर्लंडमध्ये फुलवाल्यांसाठी निलगिरीची शेती करणाऱ्यांना हिने इतकं छळलं की हिच्यावर जगणारी एक बारीक गांधीलमाशी तिथे मुद्दाम सोडावी लागली. घरच्या झाडाला शेंडे खुडणं आणि पाण्याचा फवारा पुरतो. काचेच्या खोलीतल्या कुंडीत पानांमागे खरबरीत फोड आले तर ती कीड नव्हे. पाणी जास्त आणि हवा कोंडलेली, एवढंच. खिडकी उघडा.

घराजवळ लावली असेल तर

ब्रिटनच्या एनएचबीसी या घरबांधणी-हमी संस्थेच्या यादीत निलगिरी जास्त पाणी ओढणाऱ्या झाडांत आहे, ओक, विलो आणि पॉप्लरच्या रांगेत. लंडनच्या चिकणमातीत याचा अर्थ गंभीर होतो. उन्हाळ्यात माती आक्रसते, पाया खचतो आणि भिंतीला तिरपी चीर जाते. पण चीर दिसली म्हणून घाईने झाड तोडू नका. पाणी ओढणारं झाड अचानक गेलं की तीच माती फुगून पाया वर उचलू शकते. आधी घराच्या विमा कंपनीला कळवा, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, आणि झाडाचं काय करायचं ते त्यानंतर ठरवा.