शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड घरी आणताना

पहिल्या रात्री सावली, आमची शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड, दोन तास दारातल्या पायपुसण्यावर नुसती उभी होती, चारी पाय त्या हातभर जागेत गोळा करून. फरशीवर टाकलेलं एक पाऊल घसरलं होतं, त्यानंतर दुसरं टाकायची तिची तयारी नव्हती. भुंकणं नाही, कुंईकुंई नाही. आम्ही आपसात म्हणत होतो, किती गुणी कुत्री मिळाली! ती भीतीनं थिजली होती, हे कळायला आम्हाला बरेच दिवस लागले.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते. असा कुत्रा घरी आणाल तेव्हा पहिल्या काही आठवड्यांतला त्याचा शांतपणा हा त्याचा स्वभाव समजू नका. तो गप्प आहे कारण त्याला काहीच कळत नाहीये. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीवर उभी आहे.

तो कुठून आला, हे समजून घ्या

यांत्रिक सशामागे कुत्रे पळवण्याचा पहिला ट्रॅक १९१९ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला उभा राहिला. १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला ब्रिटनमधला पहिला ट्रॅक सुरू झाला आणि पुढे आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथेही हा धंदा पसरला. आता बऱ्याच ठिकाणी तो आवरता घेतला जातोय. फ्लोरिडात २०१८ च्या मतदानात लोकांनी बंदीचा कौल दिला आणि २०२० संपता संपता तिथल्या शर्यती थांबल्या. दत्तक देणाऱ्या संस्थाही याच देशांत आहेत. ब्रिटनमध्ये ग्रेहाउंड ट्रस्ट १९७५ पासून हे काम करतो आणि ऑस्ट्रेलियात राज्याराज्यांतून ‘गॅप’ म्हणजे ग्रेहाउंड अ‍ॅडॉप्शन प्रोग्रॅम चालतो.

शर्यतीचा कुत्रा साधारण दोन ते पाच वर्षांचा असताना निवृत्त होतो आणि बारा-चौदा वर्षं जगू शकतो. म्हणजे तुमच्याकडे येतो तो ऐन तारुण्यात. तोवरचं त्याचं आयुष्य घड्याळावर चाललेलं असतं: ठरलेल्या वेळी खाणं, दिवसातून चार-पाच वेळा मोकळ्या जागेत सोडणं, बाकी वेळ केनेलमध्ये, म्हणजे कुत्रे ठेवायच्या खुराड्यांत, आणि आजूबाजूला कायम दुसरे ग्रेहाउंड. जिना, आरसा, काचेचं दार, टीव्ही, वॉशिंग मशीन यांतलं बहुतेक काही त्यानं पाहिलेलं नसतं. आणि एकटं राहणं, तेही त्यानं कधी केलेलं नसतं. पिल्लू आणता तेव्हा त्याला सगळंच नवीन असणार हे आपण गृहीत धरतो. हा मात्र तीस किलोचा, पूर्ण वाढलेला कुत्रा असतो, त्यामुळे त्याला सगळं येत असेल असं वाटतं. तिथेच चूक होते.

निवडताना काय विचारायचं

रंग आणि शर्यतीतली कामगिरी विसरून जा. जो कुत्रा काही आठवडे तरी कुणाच्या घरात राहून आलाय तो पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांना सोपा जातो. त्याला सांभाळणाऱ्या माणसाशी निवांत बोला आणि ‘चालेल का’ असं न विचारता ‘तुम्ही काय पाहिलंत’ असं विचारा. मांजर समोर आल्यावर त्यानं काय केलं? बघून मान वळवली, की अंग ताठ करून टक लावली आणि हाक मारूनही हलला नाही? दुसरं उत्तर मिळालं तर मांजर असलेल्या घरानं तो कुत्रा नेऊ नये. छोट्या जातीच्या कुत्र्यांबद्दलही असंच विचारा. एकटा किती वेळ राहतो, झोपेत धक्का लागला तर काय करतो, जिना चढलाय का, हेही विचारून घ्या.

कानात हिरवट-निळसर आकडे किंवा अक्षरं गोंदलेली दिसतील. ती त्याची ओळख आहे. अमेरिकेतल्या कुत्र्याच्या उजव्या कानावरून तर जन्माचा महिना आणि वर्षही वाचता येतं.

घर तयार करा

फरशी गुळगुळीत असेल तर दारापासून त्याच्या गादीपर्यंत आणि गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत न घसरणाऱ्या चटयांची वाट करा. आम्ही हे दुसऱ्या दिवशी केलं, आधीच करायला हवं होतं. काचेच्या दारांवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला कागदाच्या पट्ट्या चिकटवा. गादी जाड हवी, कारण अंगावर चरबी नसल्यानं कठीण जागी कोपरं आणि कुल्ले टोचतात. ती येण्याजाण्याच्या वाटेत टाकू नका. पाठीला भिंत आणि समोर घरातली माणसं दिसतील असा कोपरा बघा.

ओट्यावरचं सगळं त्याच्या टप्प्यात असतं. चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो पदार्थ) घातलेल्या गोड वस्तू कुत्र्याला विषारी आहेत, त्या बंद कपाटात गेल्या पाहिजेत.

गळ्यातला पट्टा नेहमीचा चालत नाही. ग्रेहाउंडचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं आणि घाबरून मागे सरकला की साधा पट्टा कानांवरून सटकन निघतो. मार्टिंगेल पट्टा घ्या, रुंद. तो ओढ बसली की थोडा आवळतो, पण गळा दाबत नाही. फिरकीतून लांब होत जाणारी दोरी मात्र अजिबात नको. हा कुत्रा दोन-चार ढांगांत भन्नाट वेग घेतो आणि दोरी संपते तिथे तो झटका सगळा मानेवर येतो. मुसकं बघून वाईट वाटून घेऊ नका. शर्यतीच्या कुत्र्यांना त्याची सवय असते आणि दुसऱ्या प्राण्यांशी ओळख करून देताना ते फार उपयोगी पडतं.

पहिला दिवस

गाडीतून उतरवलं की घरात नेऊ नका. आधी जिथे शी-शू करायची त्या जागी न्या आणि तिथे केली की लगेच कौतुक करा. मग दोरीला धरून सावकाश एकेक खोली दाखवा आणि गादीपाशी आणून सोडा. पाहुणे नकोत, अंघोळ नको, फोटोसाठी मिठ्या नकोत. मुलांना सांगून ठेवा की आपण जायचं नाही, तो येईल. पहिल्या दिवशी तो जेवला नाही तरी काळजी नको, पाणी पितोय ना ते बघा.

रात्री त्याची गादी तुमच्या खोलीत किंवा दारापाशी घाला. आजवर तो कुणाच्या तरी श्वासाच्या आवाजात झोपलाय.

शी-शूची सवय

केनेलमध्ये ठरावीक वेळी बाहेर सोडत, त्यामुळे ‘मला जायचंय’ हे माणसाला सांगायचं असतं हेच त्याला ठाऊक नसतं. तुम्हीच वेळा ठरवा: उठल्या उठल्या, प्रत्येक खाण्यानंतर, झोपण्याआधी आणि सुरुवातीला मध्ये दर दोन-तीन तासांनी. घरात झालं तर गप्प पुसून टाका. रागावलात तर तो एवढंच शिकेल की तुमच्यासमोर करायची नाही, आणि मग बाहेर दोरीला असतानाही करणार नाही.

एकटं राहायला शिकवणं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ यात घालावा. लोक हौसेनं पंधरा दिवस रजा घेतात, चोवीस तास कुत्र्याजवळ बसतात आणि सोळाव्या दिवशी आठ तासांसाठी निघून जातात. मग तो दार ओरबाडतो आणि सगळ्यांना वाटतं की कुत्रा बिघडला. दुसऱ्या दिवसापासूनच सुरुवात करा. तो गादीवर पडलेला असताना उठा, खोलीबाहेर जा, दार लोटा, अर्ध्या मिनिटानं परत या आणि त्याच्याकडे न बघता आपल्या कामाला लागा. दिवसातून दहा वेळा करा. मग एक मिनिट, तीन, पाच. रडायला लागायच्या आत परत यायचं. तो रडलाच, तर तुम्ही जास्त वेळ घेतला, पुढच्या वेळी कमी करा. किल्ल्या उचलायच्या आणि कुठेच जायचं नाही, असंही करा, म्हणजे किल्ल्यांचा आवाज ऐकून तो दचकणार नाही.

जिना

सावलीला जिना शिकवायला आम्हाला आठवडा लागला. वर चढणं तसं सोपं. एक माणूस पुढे, एक मागे, आणि मागच्यानं एकेक पंजा उचलून पायरीवर ठेवायचा: पुढचा उजवा, मागचा डावा, मग उरलेले दोन. दोन्ही पुढचे पाय एकदम टाकून उडी मारू द्यायची नाही. उतरणं अवघड, कारण वरून त्याला सगळा उतार एकदम दिसतो. त्याची युक्ती अशी की खालून सुरुवात करायची. शेवटच्या दोन पायऱ्यांवर उभं करून तेवढ्याच उतरवायच्या, मग तीन, मग पाच. तिसऱ्या दिवशी माझ्या मांडीला तिचं अंग टेकलेलं होतं तेव्हा तिच्या छातीतली धडधड मला कापडातून लागत होती. पण पाय मात्र तिनं स्वतःहून टाकला होता.

झोप, मुलं आणि गुरगुरणं

बरेच ग्रेहाउंड डोळे अर्धवट उघडे ठेवून झोपतात. जागा आहे असं वाटून कुणी हात लावला की काही कुत्रे दचकून गुरगुरतात किंवा हवेत चावा घेतात. म्हणून घरात नियम करा: तो पडलेला असताना हात लावायचा नाही, लांबून नावानं हाक मारायची आणि त्यानं मान वर केल्यावरच जवळ जायचं. लहान मुलांना हा नियम पाळता येत नसेल तर मोठ्यांनी मध्ये बसावं. पलंगावर किंवा सोफ्यावर घेण्याची घाई पहिले काही महिने करू नका.

गुरगुरला म्हणून ओरडू नका. गुरगुरणं ही त्याची भाषा आहे. ती बंद केलीत तर पुढच्या वेळी सूचना न देता तो चावेल.

फिरायला नेणं

ताशी पासष्ट-सत्तर किलोमीटर वेगानं पळणारा कुत्रा म्हणून लोकांना वाटतं, याला रोज मैलोन्मैल पळवावं लागेल. तसं नाही. हा थोडा वेळ जीव तोडून पळणारा प्राणी, दिवसाचा बराचसा वेळ झोपतो. सकाळ-संध्याकाळ वीस-तीस मिनिटं चाललं तरी बहुतेकांना पुरतं. पण कुंपण नसलेल्या जागी दोरी सोडायची नाही, कितीही शहाणा झाला तरी. लांबून काही धावताना दिसलं की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही, आणि वाटेत रस्ता आहे हेही त्याला दिसत नाही. घराला कुंपण असेल तर ते दीड मीटरपेक्षा उंच असावं.

चालता चालता तो मध्येच पुतळ्यासारखा उभा राहील. ओढू नका. थांबा, दोरी सैल सोडा, मग बाजूला किंवा उलट दिशेला दोन पावलं टाका. बहुतेक वेळा तो मागे येतो. पातळ कातडी आणि आखूड केसांमुळे त्याला थंडी लवकर वाजते. थंडीत अंगात जाड कपडा घाला, उन्हाळ्यात भल्या पहाटे न्या.

खाणं आणि डॉक्टर

खाणं आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला, नाहीतर पोट बिघडतं. छाती खोल असलेल्या कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ बसण्याचा धोका असतो, म्हणून जेवणाच्या आगेमागे तासभर पळापळ नको. शेवटच्या एक-दोन बरगड्या दिसत असतील तर तो उपाशी नाही, त्याची बांधणीच तशी आहे.

पहिल्या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी आधी ग्रेहाउंड पाहिलेत का हे विचारा. या जातीत रक्तातल्या लाल पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, प्लेटलेट कमी आणि टी-फोर या थायरॉइडच्या हार्मोनची पातळीही कमी असते. हे माहीत नसेल तर निरोगी कुत्र्याला थायरॉइडची गोळी सुरू होते. थायोपेंटलसारख्या भुलीच्या औषधातून ते फार उशिरा शुद्धीवर येतात, म्हणून शस्त्रक्रियेआधी भुलीबद्दल बोला. काहींना शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो, त्यामुळे टाके रोज बघा. दात बहुतेकांचे खराब असतात. पंजाच्या गादीत कुरूप होतं आणि कुत्रा खडबडीत रस्त्यावर लंगडतो, मऊ गवतावर नाही. पण कारण न सापडणारं लंगडणं काही दिवसांत गेलं नाही तर एक्स-रे काढायला लावा. या जातीत हाडांचा कॅन्सर बराच आढळतो, त्यात उशीर महागात पडतो.

तीन महिन्यांनंतर

सांभाळणारे लोक म्हणतात तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिल्यात नुसता धक्का, दुसऱ्यात दिनक्रम कळणं, तिसऱ्यात आपलं घर वाटणं. काहींना वर्षही लागतं. याच सुमाराला तो चपला पळवतो, जेवणाच्या वेळेआधी दहा मिनिटं येऊन समोर उभा राहतो, अंगणात वेड्यासारख्या गोल चकरा मारतो. तेव्हा ‘आधी किती शांत होता’ म्हणून दामटू नका.

सावली तिसरा महिना संपता संपता एका संध्याकाळी फिरून आली, पायपुसण्यावर क्षणभर थांबली आणि चटयांची वाट सोडून उघड्या फरशीवरून तिरकी चालत माझ्यापाशी आली. येऊन सगळं अंग माझ्या गुडघ्यांवर टेकवून उभी राहिली आणि तिचे दात बारीक आवाजात वाजत होते. ग्रेहाउंड खूश असला की असे दात वाजवतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आठवड्याला एक याप्रमाणे चटया उचलायला सुरुवात केली. गादीजवळची शेवटची.