जुन्या मारुतीच्या गिअरबॉक्सचं तेल: कोणतं घ्यायचं, किती भरायचं

मारुती ८००, जुनी अल्टो, वॅगन-आर अशा मॅन्युअल गिअरच्या गाड्यांचं एंजिन ऑइल बहुतेक जण वेळेवर बदलतात. गिअर ऑइल आठवतं ते दुसरा गिअर टाकताना ‘करर्र’ व्हायला लागल्यावर. मग गॅरेजवाला विचारतो, “नव्वदचं टाकू ना?” इथे लगेच मान डोलवू नका. नव्वद हा फक्त जाडीचा आकडा झाला. डब्यावर आधी बघायचं ते एपीआय जीएल-४ की जीएल-५, म्हणजे गिअर ऑइलचा दर्जा.

जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जवळजवळ दुप्पट असतात. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलमध्ये (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) दात एकमेकांवर घासत सरकतात, तिथे ती लागतात. ओम्नीच्या मागच्या डिफरन्शियलला म्हणूनच जीएल-५ चालतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अल्टो, मारुती ८०० मध्ये तसले दात नाहीत. डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं आणि दोघांना तेल एकच. शिवाय आत पितळी सिंक्रो रिंगा असतात. गिअर पडण्याआधी रिंगेने पकड घेऊन दोन्ही बाजूंचा वेग जुळवायचा असतो. जीएल-५ च्या निसरड्या थरामुळे ती पकड उशिरा बसते, आणि काही जीएल-५ तेलांतली रसायनं गरम झाल्यावर पितळ खातात. पण गॅरेजमध्ये पिंप एकच असतं, त्यातूनच सगळ्या गाड्यांना भरलं जातं. तेव्हा एक-एक लिटरचे सीलबंद डबे स्वतः नेलेले बरे. डब्यावर ‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही छापलेलं असेल, तर सिंक्रो गिअरबॉक्सला चालतं असं स्पष्ट लिहिलंय का ते पाहा. नसेल तर निव्वळ जीएल-४ घ्या.

जाडी मॅन्युअलमध्ये दिलेलीच ठेवा: मॉडेलप्रमाणे ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०. मॅन्युअलमध्ये पर्याय दिले असतील आणि थंडीत सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर जड जात असेल, तर ७५डब्ल्यूने फरक पडतो (डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतल्या जाडीचा, कमी म्हणजे पातळ). आवाज दबावा म्हणून मुद्दाम जाड तेल भरणं ही जुनी गाडी विकणाऱ्यांची युक्ती आहे. घेताना गाडी थंड असतानाच चालवून बघा.

या गाड्यांत तेल साधारण २ लिटर मावतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. अडीच लिटर हाताशी ठेवा. ४० हजार किलोमीटरला एकदा बदललं तर पुरतं. आधी कधी बदललं याचा पत्ता नसेल, तर आताच बदला.

दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा, म्हणजे तेल पातळ होईल. मग ती रॅम्पवर किंवा खड्ड्यावर सपाट उभी करा. नुसतं पुढून जॅकवर उचललंत तर पातळी चुकते, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचंच नाही. गिअरबॉक्सला दोन बोल्ट असतात: खाली ड्रेनचा, बाजूला वर भरण्याचा. आधी भरण्याचा बोल्ट सोडवा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून तेल आधीच सोडलं असेल, तर गाडी जागची हलणार नाही. खालचा बोल्टही गिअरबॉक्सचाच आहे ना, याची खात्री करा. घाईत एंजिन ऑइल सोडून बसणारे कमी नाहीत.

तेल परातीत वीसेक मिनिटं निथळू द्या आणि निघालेलं मोजा. दीड लिटरच निघालं तर गळती शोधायला हवी: ड्राइव्ह शाफ्टची ऑइल सील, रिव्हर्स लाइटचा स्विच, स्पीडोमीटर केबलची जागा. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावरची करडी, मलमासारखी लगदी ही नेहमीची झीज. निघालेलं तेल बोटांत चोळून उन्हात धरा. सोनेरी चमक भरपूर दिसली तर सिंक्रो रिंगा झिजल्यात. नखाएवढे पोलादी तुकडे निघाले, तर तेल भरून काही उपयोग नाही, गिअरबॉक्स उघडावा लागेल.

बोल्टाला वॉशर असेल तर नवा घाला. वॉशर नसलेल्या बोल्टाचे आटे पुसून सीलंट लावा. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, पान्याला पाइप लावून कसलंत तर आटे जातील. आता नरसाळं आणि लांब नळी लावून वरच्या भोकातून सावकाश भरा. भोकाच्या कडेपर्यंत तेल येऊन बाहेर ओघळायला लागलं की थांबा, ओघळ बंद झाला की बोल्ट लावा. जास्त कोंबलं तर फेस होतो आणि तेल सीलमधून वाट काढतं. काम होईपर्यंत हातमोजे काढू नका. गंधकाचा तो वास साबणाने जात नाही.

तेलाने न सुटणारी दुखणीही आहेत. सगळेच गिअर अडत असतील तर आधी क्लच केबलचा प्ले (सैलपणा) तपासा. बहुतेक जुन्या मॉडेलांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबलात की खरखर कमी होते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर घ्या.

गिअरबॉक्स बुडेल इतक्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर किलोमीटर मोजत बसू नका. गरम गिअरबॉक्स पाण्यात एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जाण्याचं छोटं तोंड) पाणी आत ओढलं जातं. भरण्याचा बोल्ट काढून बोट बुडवा. तेल दुधाळ दिसलं तर लगेच बदला, चारपाचशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा एकदा बदला. पहिल्या खेपेला सगळं पाणी निघत नाही. पहिल्या खेपेसाठी साधं, स्वस्तातलं जीएल-४ चालेल, चांगलं तेल दुसऱ्या खेपेला भरा.