वर्तमानपत्रातली तरुणाई मोजायची कशी?

‘माध्यमांतील युवकांची प्रतिमा’ हा महाविद्यालयीन प्रकल्पांचा हुकमी विषय. बहुतेक प्रकल्पांत आठ-दहा कात्रणं चिकटवलेली असतात आणि शेवटी ‘माध्यमे तरुणांचे एकांगी चित्र उभे करतात’ असा शेरा असतो. कात्रणं निवडतानाच तो शेरा मनात तयार असतो, ही खरी अडचण. दोन दैनिकं, एक वर्ष आणि नोंदी करणारी दोन माणसं एवढ्या भांडवलावर याहून पक्कं काम होतं.

आवृत्त्या निवडताना एक शहराची घ्या आणि एक जिल्ह्याची, म्हणजे पुणे आणि सोलापूर, किंवा मुंबई आणि नांदेड. सलग १४ दिवसांचे अंक घेऊ नका. मे-जूनमध्ये निकालाच्या आसपास गेलात तर सगळी तरुणाई पेढे भरवताना दिसेल, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गुलाब घेऊन. त्याऐवजी वर्षातल्या सगळ्या सोमवारांच्या चिठ्ठ्या करून दोन काढा, मग मंगळवारांच्या दोन, असं रविवारपर्यंत. असे रचलेले दोन आठवडे एका वर्षाच्या दैनिकासाठी साधारण पुरेसे मानले जातात. सुट्टीमुळे अंक निघालाच नसेल तर त्याच वाराची दुसरी चिठ्ठी उचला. अंक मुख्य पानांसह आणि पुरवण्यांसह घ्या. पुरवणी गाळली की फॅशन, करिअर आणि नातेसंबंधांचा मजकूर एका झटक्यात गायब होतो. ई-पेपरची पानं त्याच दिवशी उतरवून ठेवा, जुने अंक कायम मिळतीलच असं नाही. जाहिराती या मोजणीत नकोत, त्यांचा हिशेब वेगळा.

आता तरुण कोणाला म्हणायचं? २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात वयोगट १५ ते २९ आहे, २००३ च्या धोरणात तो १३ ते ३५ होता. एक धरा आणि तसं लिहून ठेवा. पण नुसत्या वयावर बातम्या निवडल्या तर हमखास फसाल. वय नेमानं छापलं जातं ते गुन्ह्याच्या आणि अपघाताच्या बातमीत: ‘(वय २३, रा. अमुक)’. वक्तृत्व स्पर्धा जिंकलेल्या मुलीचं वय कोणी देत नाही. त्यामुळे वयाची अट घातली की गुन्हेगारीचा वाटा आपोआप फुगतो आणि दोष मात्र वर्तमानपत्रावर जातो. म्हणून वय नसेल तिथे विद्यार्थी, तरुण, युवती, स्पर्धा परीक्षेचा उमेदवार अशा उल्लेखांवरही बातमी घ्या. फक्त ‘युवा नेते’ या बिरुदापासून जपा. आपल्याकडे ते पंचेचाळिशीपर्यंत सहज टिकतं.

मोजणीचं एकक म्हणजे मथळा असलेला एक मजकूर. बातमीशिवाय फक्त ओळीसह छापलेला फोटो हे वेगळं एकक. तक्त्यात तारीख, आवृत्ती, पान, आकार (कॉलम सेंटिमीटरमध्ये, म्हणजे कॉलमांची संख्या गुणिले सेंटिमीटरमधली उंची), विषय, ठिकाण (महानगर, तालुक्याचं गाव, खेडं), स्त्री-पुरुष-इतर आणि जात-धर्माचा उल्लेख आहे का, हे रकाने ठेवा. ‘सकारात्मक की नकारात्मक’ हा रकाना मोह पाडतो, पण ठेवू नका. दोघांचं त्यावर कधीच जुळत नाही, कारण तो बातमीपेक्षा वाचणाऱ्याबद्दल जास्त सांगतो.

त्याच्या जागी दोन रकाने घाला, सगळी गंमत तिथेच आहे. पहिला: तरुण व्यक्ती बातमीत काय म्हणून आली? काही करणारी, काही सोसणारी की नुसती शोभेची? दुसरा: बोलतं कोण? अवतरणात किंवा ‘असे त्यांनी सांगितले’ या वाक्यात येणारा प्रत्येक जण मोजा: तरुण स्वतः, पालक-शिक्षक, पोलिस, पुढारी, तज्ज्ञ. पुण्यात ऑगस्ट २०२४ मध्ये परीक्षेची तारीख आणि कृषी विभागाची पदं यांवरून एमपीएससीच्या उमेदवारांनी रस्त्यावर ठाण मांडलं होतं. अशी बातमी समोर आली की फोटोत कोण आणि मथळ्यात कोण, हे वेगवेगळं नोंदवा. बारावीच्या निकालाचंही तसंच. ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा, खाली महाविद्यालयाच्या आवारात उड्या मारणाऱ्या चार मुली. फोटोओळीत त्यांची नावं आहेत का? बातमीत एकीचं तरी वाक्य आहे, की विभागवार टक्के आणि मंडळाच्या अध्यक्षांचं निवेदनच? नावही नाही, वाक्यही नाही, तर ‘शोभेची’ हीच नोंद. मथळा कितीही कौतुकाचा असो.

२०१६ नंतर पळून गेलेल्या जोडप्यांच्या, अगदी खुनाच्याही बातम्यांना ‘सैराट’ची उपमा चिकटू लागली. सिनेमाच्या उपमेसाठी एक छोटा रकाना ठेवायला हरकत नाही.

खऱ्या कामाआधी दोघांनी तेच ३० मजकूर, एकमेकांना न विचारता, नोंदवावेत. समजा ‘तरुण स्वतः बोलतो का’ यावर २६ ठिकाणी एकमत झालं, म्हणजे जवळपास ८७ टक्के. ऐकायला झकास. पण दोघांनीही ९ ठिकाणी ‘हो’ आणि २१ ठिकाणी ‘नाही’ लिहिलं असेल, तर नुसत्या योगायोगानंही ५८ टक्के (०.३ × ०.३ + ०.७ × ०.७ = ०.५८) जुळलं असतं. म्हणून कोहेनचा कप्पा (kappa), म्हणजे योगायोगानं जुळलेला भाग वजा करून उरलेलं एकमत सांगणारा आकडा, काढा: (०.८६७ − ०.५८) ÷ (१ − ०.५८) = ०.६८. साधारण ०.७ च्या खाली असेल तर व्याख्या दुरुस्त करा, नवे ३० मजकूर घेऊन पुन्हा तपासा. घोटाळा बहुधा एकाच जागी सापडतो: विद्यार्थी संघटनेचा पदाधिकारी तरुण धरायचा की पुढारी?

एकूण मजकूर शंभराच्या आत राहिले तर आणखी एक आठवडा रचा. नाहीतर विषय आणि ठिकाण यांचा आडवा-उभा तक्ता केल्यावर काही चौकटींत दोन-तीनच नोंदी उरतात आणि त्यांवर टक्केवारी काढणं हास्यास्पद होतं. एकाच वृत्तसंस्थेची बातमी दोन्ही दैनिकांत आली तर खूण करा. तो दोन संपादकांचा वेगवेगळा निर्णय नव्हे.

परिशिष्टात कात्रणं जोडताना १८ वर्षांखालील पीडित किंवा विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या) मुलांची ओळख पूर्ण झाका: नाव, चेहरा, शाळा, गावाचा पत्ता, पालकांचं नावसुद्धा. पोक्सो कायद्याचं कलम २३ आणि बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ ओळख उघड करायला मनाई करतात. वर्तमानपत्रानं चुकून छापलं होतं, म्हणून तुम्हालाही ते छापायची मुभा मिळते असं नाही.