सिंफनीत टाळी कधी वाजवायची?
पणजीत कांपालच्या कला अकादमीत पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा ऑर्केस्ट्रा ऐकायला पहिल्यांदाच जाताय? मग टाळीचं तेवढं सांभाळा. आपल्याला सवय नाट्यसंगीताची. तान आवडली की टाळी, फारच रंगलं तर ‘वन्स मोअर’. सिंफनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना; तिचे मात्र बहुधा चार भाग असतात आणि दोन भागांमधल्या शांततेत कुणी टाळ्या वाजवत नाही. मी एकदा वाजवली होती, एकट्यानेच. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मान वळवून पाहिलं ते अजून आठवतं.

भाग मोजत बसण्यात अर्थ नाही; बीथोवनच्या पाचव्या सिंफनीत तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो, तिथे हिशोब चुकतोच. त्यापेक्षा कंडक्टरचे, म्हणजे समोर उभं राहून वादकांना इशारे देणाऱ्याचे, हात बघा. हात हवेत आहेत तोवर गप्प बसायचं. ते खाली येऊन तो आपल्याकडे वळला की मग मनसोक्त वाजवा.

आणि सुरुवातीला ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याचा एक लांब सूर येतो, त्यावर सगळे आपापली वाद्यं जुळवतात. आपल्या तानपुऱ्याच्या जुळवणीसारखंच. तोवर खुर्चीत बसलेले असा. उशीर झाला तर रचना संपेपर्यंत दाराबाहेर थांबावं लागू शकतं.