मेलेलं इंजिन खोलताना

मेकॅनिकचं काम शिकायला इंजिन घ्यायचं तर बंद पडलेलंच घ्या. चालू इंजिन खोलून कुठला बोल्ट कुठे लागतो एवढं कळतं. बंद इंजिनात मात्र ‘हे कशानं मेलं’ याचा शोध घ्यायचा असतो, आणि गॅरेजमध्ये पगार त्याच शोधाचा मिळतो.

आयटीआयला असताना मी जुन्या स्प्लेंडर मोटरसायकलचं इंजिन घेतलं. ९७.२ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४९.५ मिमी. सिलिंडर एकच, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, आणि उचलायला एक माणूस पुरतो. गाडी १९९४ पासून रस्त्यावर असल्यानं पॅकिंग, पिस्टनच्या रिंगा कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. पुण्यात असाल तर मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. घेताना आधी इंजिन नंबर बघा. तो खरवडलेला असेल तर कितीही स्वस्त असो, हात लावू नका. विकणाऱ्याकडून कागदावर लिहूनही घ्या. चोरीच्या मालाचं लफडं शिकाऊ पोराला परवडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आल्या आल्या रॉकेलमध्ये बुचकळू नका. सगळे आधी तेच करतात आणि पुरावा धुऊन टाकतात. ऑइल पांढऱ्या फडक्यावर काढा, त्यात चमकणारी पूड दिसते का बघा. सायलेन्सर बसतो ते तोंड ऑइलनं ओलं असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेल्याचा संशय घ्या. पांढऱ्या-निळसर धुराची तक्रार घेऊन येणारी गाडी हीच. उजव्या बाजूचं कव्हर उघडलं की क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) टोकाला गोल फिरता फिल्टर दिसेल. तो फिरताना जड कचरा कडेला फेकून धरून ठेवतो. माझ्या इंजिनात तिथे काळा, घट्ट गाळ थापलेला होता. मालकानं ऑइल किती निष्काळजीपणे बदललं असेल हे तिथेच कळलं, आणि पुढे हेड उघडल्यावर कॅमचे उंचवटे ओरखडलेले निघाले तेव्हा नवल वाटलं नाही. ऑइल सर्वात वर, कॅमपर्यंत, नीट पोचतच नव्हतं.

हत्यारांत पैसे घालायचे तर चांगल्या गोटी पान्यांत आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरमध्ये (हातोडीच्या ठोक्यानं स्क्रू फिरवणाऱ्या पेचकसात) घाला. फिल्टरचे स्क्रू साध्या पेचकसानं हमखास गोल होतात. क्लचचा खाचांचा नट काढायला वेगळी गोटी लागते. स्थानिक बनावटीची स्वस्तात मिळते. मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं चुंबकाचं चाक, पुलरनंच (ओढून काढायच्या हत्यारानं) काढायचा, हातोडीनं नाही. बोल्ट पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच त्या भोकात खोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असते.

हेड आणि ब्लॉक उतरला की गॅरेजच्या भाषेत ‘हाफ इंजिन’ झालं. इथे थांबा. रिंग सिलिंडरमध्ये घालून पिस्टननं सरळ ढकला आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. बोअर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचा. झीज सहसा वरच्या भागात जास्त निघते. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा. बाजूला थोडी ढिलाई असते, ती चालते. वर-खाली ढिलाई लागली तर क्रँकचं काम आलं.

मग तेवढंच परत बांधा. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण आणि कॅमच्या चक्रावरची गोल खूण, दोन्ही जागेवर जुळवूनच टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी) बसवायची. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते, हे पुस्तकात वाचून पाठ होतं, हातानं फिरवल्यावर समजतं. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल. ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरे. ॲल्युमिनियमचे आटे गेले की ते दुरुस्त करणं कटकटीचं होतं.

क्रँककेस, म्हणजे क्रँक आणि गिअर ज्यात असतात ती खालची पेटी, फोडण्याची घाई नको. गिअरमधले वॉशर कुठल्या बाजूनं होते याचे फोटो काढल्याशिवाय एकही शाफ्ट उचलू नका. क्रँकची पिन प्रेसनं बसवलेली असते, ती घरी काढण्याच्या फंदात पडू नका. लेथवाल्याकडे न्या आणि काम होईपर्यंत तिथेच उभं राहू द्या म्हणा. बहुतेक जण देतात. चहा आपण पाजायचा.