कोंबडीच्या पिल्लांची पिसे वाकडी, विरळ किंवा उशिरा येत असतील तर

औषधाच्या दुकानात जाण्याआधी पिल्लू हातात घ्या, पंख पंख्यासारखा उघडा आणि एकेक पीस उजेडासमोर धरून पाहा. पीस मुळाकडून वाढत बाहेर येते, म्हणजे टोक सर्वांत जुने आणि कातडीजवळचा भाग सर्वांत नवा. टोक खराब आणि मूळ चांगले असेल तर त्रास होऊन गेला आहे. टोक चांगले आणि मूळ बारीक, वाकडे असेल तर तो आत्ता चालू आहे. उपचाराची घाई दुसऱ्या प्रकारात करायची.

आधी वेळापत्रक बघा. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर लव असते, खरी पिसे फक्त पंखाच्या कडेला दिसतात. आठवडा-दहा दिवसांत पंख भरतो आणि शेपटीचे कोंब फुटतात. मग खांदे, छाती आणि शेवटी पाठ. साधारण पाच-सहा आठवड्यांत अंग झाकले जाते. भारी जातींत आणि नरांत आठ आठवडेही लागतात. काही जातींत उशिरा पिसे येण्याचा गुण आनुवंशिकच असतो. अशा एक दिवसाच्या पिल्लाच्या पंखावरची झाकणपिसे (मुख्य पिसांचे मूळ झाकणारी पिसे) मुख्य पिसांइतकीच किंवा त्याहून लांब दिसतात. मान उघडी असलेली किंवा उलट्या पिसांची कोंबडीही जन्मजात तशी असते. पिल्लू चपळ असेल आणि वजन वाढत असेल तर त्याला काही देऊ नका.

खरी चूक बहुतेक वेळा खाद्यात सापडते. पीस जवळजवळ ९० टक्के प्रथिन असते आणि त्याला गंधक असलेली अमिनो आम्ले, म्हणजे मेथिओनिन आणि सिस्टिन, भरपूर लागतात. खर्च वाचवायला २० टक्के प्रथिनाच्या स्टार्टरमध्ये (लहान पिल्लांच्या तयार खाद्यात) निम्मी तांदळाची कणी मिसळली की प्रथिन १४ टक्क्यांवर येते, आणि पिल्लाची पाठ उघडी राहते. शेंगदाणा पेंडीने प्रथिनाचा आकडा वाढतो, पण तिच्यात मेथिओनिन कमी, शिवाय बुरशीच्या विषाची भीती.

घरी खाद्य करणाऱ्यांसाठी १० किलोचे प्रमाण: मका भरडा ६ किलो, सोयाबीन पेंड ३ किलो ६०० ग्रॅम, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) २०० ग्रॅम, चुनखडीची पूड १२० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, डीएल-मेथिओनिन २० ग्रॅम, आणि व्हिटॅमिन-मिनरल प्रीमिक्स (जीवनसत्त्वे व खनिजांची तयार पूड) पाकिटावरच्या प्रमाणात. प्रीमिक्समध्ये झिंक आहे ना, ते वाचून घ्या. मेथिओनिन आणि प्रीमिक्स आधी अर्धा किलो भरड्यात चांगले घोळवा, मगच ढिगात टाका. थेट टाकले तर एका घमेल्यात जास्त जाते, दुसऱ्यात काहीच नाही, आणि कळपातली निम्मीच पिल्ले सुधारतात.

कमतरतेच्या खुणा वेगवेगळ्या दिसतात. पिसांची टोके झिजलेली, पाय आखूड आणि घोट्याचा सांधा जाड, तर झिंक. चोचीच्या कोपऱ्यांत व पापण्यांवर खपल्या, तर पँटोथेनिक आम्ल (एक बी जीवनसत्त्व). पायाची बोटे आत वळलेली, तर बी-२ जीवनसत्त्व. तोंडात पिवळट चट्टे दिसले तर मका हुंगून पाहा. कुबट वासाची गोणी त्याच दिवशी बाजूला काढा, वाळवूनही बुरशीचे विष जात नाही.

पंखांची लांब पिसे मोडून, पिळवटून हेलिकॉप्टरच्या पात्यांसारखी आडवी उभी राहिली, विष्ठेत न पचलेले दाणे दिसले आणि एकाच वयाची पिल्ले लहानमोठी झाली, तर ते अपशोषणाचे, म्हणजे आतड्यात अन्न नीट न शोषले जाण्याचे, दुखणे समजा. त्यामागे बऱ्याचदा विषाणू असतात आणि त्यावर थेट औषध नाही. मागे पडलेली पिल्ले वेगळी करा, खाली अंथरलेले तूस कोरडे ठेवा आणि पशुवैद्यकाला दाखवा. प्रतिजैविके स्वतःहून सुरू करू नका.

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याची जागा, तीही तपासा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी. चौथ्या आठवड्यातही तीच ऊब ठेवली तर पिसे येणे लांबते. शेपटीच्या मुळाशी रक्ताळलेले खुंट दिसले तर पिल्ले एकमेकांना टोचत आहेत. वाढते पीस रक्ताने भरलेले असते, त्या लाल रंगावर बाकीची धावतात. चार आठवड्यांपर्यंत दर पिल्लाला किमान अर्धा चौरस फूट जागा द्या, दिवा मंद करा आणि जखमी पिल्लू वेगळे ठेवून जखमेवर जेंशियन व्हायोलेट लावा.

मोडलेले पीस पुन्हा सरळ होत नाही, त्यामुळे दोन दिवसांत फरक शोधू नका. खाद्य बदललेल्या दिवशी चार-पाच पिल्लांच्या पायात रंगीत दोरा सैल बांधा, पाय जाड होतो म्हणून दर तीन-चार दिवसांनी तो बदला, आणि दहा दिवसांनी त्यांच्याच पंखांची मुळे पाहा. तिथे गुळगुळीत, सरळ नळी दिसली तर खाद्य लागू पडले.