कारल्यातली फळमाशी : सापळा होता, पण गोळी चुकीची

वाळवा तालुक्यात आमची अर्धा एकर कारली. पाऊस लागला की कोवळं कारलं एका बाजूनं वाकडं, पिवळं. चिरलं तर आत पांढऱ्या अळ्या. दोन वर्षं हेच. फवारण्या वाया गेल्या. अळी फळाच्या आत, औषध बाहेर. सापळे लावले, तर रिकामेच. डोकं फिरायची वेळ आली होती.

घोळ सापळ्यातल्या गोळीत होता, म्हणजे वासानं माशी ओढणाऱ्या आमिषात. दुकानातून मिळालेली मिथाइल युजेनॉलची, म्हणजे आंबा-पेरूच्या माशीची. वेलभाज्यांच्या माशीला क्यू ल्यूर नावाचं वेगळं आमिष लागतं.

यंदा आधी उन्हाळ्यात नांगरून रान तापवलं, कारण माशीचे कोष मातीत असतात. पहिली फुलं दिसताच, पावसानं जोर धरण्याआधी, पाच सापळे मांडवाला फळांच्या उंचीवर टांगले. मग दर तिसऱ्या दिवशी डागी फळं वेचून दोन फूट खोल पुरली. (पूर्वी बांधावर फेकायचो. म्हणजे माश्या मीच पाळत होतो!) दीड महिन्यानं ल्यूर बदलला.

चौथ्या दिवशीच डबीत तांबूस माश्यांचा थर, पंखांवर तपकिरी डाग. त्यात फक्त नर येतात, फळात अंडी घालणारी मादी बाहेरच राहते, म्हणून वेचणी सोडायची नाही. परवाच्या तोड्यात पाटीला दोन-तीनच वाकडी निघाली.